लॅरी क्वॉन्ग : एका मिनिटाच्या अलीकडे आणि पलीकडे

#धागा #क्रीडेतिहास

१/
१३ मार्च १९४८, शनिवारची रात्र. कॅनडातील माँट्रिऑल शहराच्या 'फोरम' क्रीडागृहात न्यू यॉर्क रेंजर्स आणि माँट्रिऑल कॅनेडियन्स या आइस हॉकी संघांचा सामना चालू आहे. रेंजर्सच्या बाकावर पाच फूट सहा इंच उंचीचा, चोवीस वर्षांचा एक खेळाडू बसून आहे. सामन्याचा पहिला टप्पा संपतो, दुसरा संपतो, तो बसलेलाच. तिसऱ्या आणि अखेरच्या टप्प्याच्या शेवटी शेवटी, २-२ अशी बरोबरी असताना, प्रशिक्षक त्याला बर्फावर उतरवतात. सुमारे एका मिनिटानंतर त्याला माघारी बोलावले जाते. रेंजर्स तो सामना ३-२ असा हरतात.

२/
त्या खेळाडूचे नाव लॅरी क्वॉन्ग. नॅशनल हॉकी लीग, अर्थात एनएचएल, ही आइस हॉकीची सर्वोच्च व्यावसायिक लीग. तीत खेळलेला आशियाई वंशाचा हा पहिला खेळाडू. त्या लीगमधील त्याची संपूर्ण कारकीर्द म्हणजे हे एक मिनिट. गोल शून्य, साहाय्य शून्य, पुढचा सामना नाही.
आजचा धागा त्या मिनिटाविषयी आहे. परंतु त्याहून अधिक तो त्या मिनिटाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या वर्षांविषयी आहे.

३/
मित्रहो, आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदान आणि ध्यानचंद आठवतात. म्हणून आधी थोडे खेळाविषयी. आइस हॉकी बर्फाच्या बंदिस्त रिंगणात, पायांत स्केट घालून खेळतात. चेंडूऐवजी रबराची चकती असते. गोलरक्षकासह सहा जण रिंगणात असतात. वीस मिनिटांचा एक, असे तीन टप्पे. खेळ इतका दमछाक करणारा असतो की खेळाडू पाळीपाळीने उतरतात आणि थोड्याच वेळात बाकावर परततात. एका सामन्यात एका खेळाडूच्या वाट्याला अशा अनेक पाळ्या येतात. क्वॉन्गला मिळालेले मिनिट म्हणजे त्यांतली एक पाळी.

४/
आता थोडे गणित. १९४७-४८ च्या हंगामात एनएचएलचा प्रत्येक संघ ६० सामने खेळला. सामना ६० मिनिटांचा. म्हणजे रेंजर्सच्या त्या हंगामात नियमित खेळाची ३,६०० मिनिटे होती. त्यांपैकी एक मिनिट क्वॉन्गचे.
लीगमध्ये तेव्हा संघही अवघे सहा होते : माँट्रिऑल, टोराँटो, बॉस्टन, न्यू यॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो. साऱ्या उत्तर अमेरिकेत सर्वोच्च पातळीवरच्या जागा होत्या जेमतेम शंभर-सव्वाशे. त्याखाली लहानमोठ्या लीगांची उतरंड आणि त्या उतरंडीत गावोगाव खेळणारे असंख्य खेळाडू.

५/
या असंख्यांसाठी इंग्रजीत 'जर्नीमन' असा शब्द आहे. मूळ शब्द मध्ययुगीन युरोपातील कारागिरांच्या संघांतला : उमेदवारी संपवलेला, हातात कसब असलेला, परंतु स्वतःचे दुकान नसल्यामुळे दिवसाच्या मजुरीवर दुसऱ्याकडे राबणारा कारागीर.
मराठेशाहीचा इतिहास वाचणाऱ्यांना याहून जवळचा शब्द ठाऊक आहे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. घोडेस्वारी दोघांनाही येत असे, पण घोडा कोणाच्या मालकीचा यावर दोघांची पत ठरे.

६/
त्या काळातला व्यावसायिक हॉकीपटू हा असा बारगीर होता. त्याच्या खेळावरचा हक्क क्लबकडे राही. क्लब त्याला खालच्या लीगमध्ये धाडू शकत असे किंवा दुसऱ्या संघाला देऊन टाकू शकत असे. १९५७ साली डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याच वर्षी त्याची रवानगी शिकागोला झाली. लिंडसे हा लीगमधील अग्रगण्य खेळाडू होता. त्याची ही गत, तर खालच्या उतरंडीतल्या खेळाडूची काय कथा!
क्वॉन्ग या उतरंडीत होता आणि त्याच्या वाटेत आणखी एक भिंत होती. ती समजून घ्यायची तर काही दशके मागे जावे लागेल.

७/
कॅनडाचा पश्चिम किनारा म्हणजे ब्रिटिश कोलंबिया प्रांत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण चीनमधील अनेक माणसे येथे आली, कुणी सोन्याच्या शोधात, कुणी मजुरीसाठी. १८८० च्या दशकात कॅनडियन पॅसिफिक रेल्वेचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग बांधण्यासाठी हजारो चिनी मजूर राबले. १८८५ साली रेल्वे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी सरकारने चिनी आगंतुकांवर ५० डॉलरची डोईपट्टी बसवली. १९०० मध्ये ती १०० डॉलर झाली, १९०३ मध्ये ५०० डॉलर. इतर कोणत्याही देशाच्या लोकांवर अशी डोईपट्टी नव्हती.

८/
पट्टी भरूनही माणसे येतच राहिली, तेव्हा दारच बंद करण्यात आले. १ जुलै १९२३ पासून नवा चिनी स्थलांतर कायदा लागू झाला. पुढील चोवीस वर्षांत पन्नासहून कमी चिनी माणसांना कॅनडात प्रवेश मिळाला, असे सांगितले जाते. १ जुलै हा कॅनडाचा राष्ट्रीय दिन. तेथील चिनी समाज या दिवसाला 'अपमान दिन' म्हणू लागला.
या कायद्याचे आणखी एक कलम लक्षात घेण्याजोगे आहे. देशात राहणाऱ्या प्रत्येक चिनी वंशाच्या व्यक्तीने सरकारदरबारी नोंदणी करणे सक्तीचे होते. कॅनडात जन्मलेल्यांनाही यातून सूट नव्हती.

९/
लॅरी क्वॉन्गचा जन्म १७ जून १९२३ रोजी ब्रिटिश कोलंबियातील व्हर्नन या लहान गावी झाला. तो कायदा लागू होण्याच्या अवघे दोन आठवडे आधी. म्हणजे पाळण्यातले हे मूल जन्माने त्या भूमीचे असूनही कायद्याच्या लेखी नोंद ठेवण्याजोगे परके होते.
त्याचे जन्मनाव एंग काई ग्याँग. घरात पंधरा भावंडे. वडील सोन्याच्या शोधात आले होते आणि पुढे त्यांनी व्हर्ननमध्ये किराणा दुकान काढले. दुकानाचे नाव 'क्वॉन्ग हिंग लुंग'. त्या पाटीवरचा पहिला शब्द कुटुंबाचे आडनाव होऊन बसला. लॅरी पाच वर्षांचा असताना वडील वारले.

१०/
मताधिकाराचीही तीच स्थिती. ब्रिटिश कोलंबियाने १८७० च्या दशकातच चिनी लोकांचा मताधिकार काढून घेतला होता. पुढे १८९५ मध्ये जपानी वंशाच्या आणि १९०७ मध्ये हिंदुस्थानी वंशाच्या लोकांचाही काढला. १९१४ साली 'कोमागाता मारू' जहाजावरील ३७६ हिंदी प्रवाशांना ज्या व्हँकूव्हर बंदरात दोन महिने अडवून ठेवले आणि बहुतेकांना परत धाडले, ते याच प्रांतातले.
प्रांतात मत नाही म्हणून देशाच्या निवडणुकीतही मत नाही, आणि मतदारयादीत नाव नाही म्हणून वकिली व औषधविक्रीसारखे काही व्यवसायही बंद, अशी ती साखळी होती.

११/
अशा गावात हा मुलगा वाढला. शनिवारी रात्री रेडिओवरून फॉस्टर ह्युइट यांच्या आवाजात एनएचएलच्या सामन्यांचे धावते वर्णन येई. क्वॉन्ग भावंडे ते ऐकत आणि घराजवळ पाणी ओतून गोठवलेल्या बर्फावर खेळत. गावातील 'हायड्रोफोन्स' या संघातून लॅरी खेळू लागला आणि १९३९ साली त्या संघाने आपल्या वयोगटाचे प्रांतिक विजेतेपद पटकावले. मुलगा ठेंगणा होता, पण बर्फावर त्याचा वेग विलक्षण होता.

१२/
अठराव्या वर्षी, १९४१ मध्ये, त्याला ट्रेल या गावच्या 'स्मोक ईटर्स' संघाचे बोलावणे आले. धूर गिळणारे! ट्रेलमध्ये शिसे आणि जस्त वितळवण्याचा प्रचंड कारखाना होता. हा संघ साधासुधा नव्हता : १९३९ साली कॅनडाच्या वतीने त्याने स्वित्झर्लंडमध्ये जागतिक विजेतेपद जिंकले होते.
तिथली रीत अशी की संघात निवड झालेल्या खेळाडूला कारखान्यात चांगल्या पगाराची नोकरी मिळे. खेळ संध्याकाळी, पोट नोकरीवर. क्वॉन्गला संघात जागा मिळाली. कारखान्यातली नोकरी मात्र मिळाली नाही, कारण तो चिनी वंशाचा होता. त्याने एका हॉटेलात प्रवाशांचे सामान वाहण्याचे काम पत्करले.

१३/
येथे क्षणभर थांबूया. कोणत्याही नियमपुस्तकात 'चिनी माणसाने आइस हॉकी खेळू नये' असे लिहिलेले नव्हते. ट्रेलच्या प्रेक्षकांना त्याचा खेळ हवा होता, संघाला त्याचे गोल हवे होते. भेद झाला तो खेळाच्या बाहेर, पगाराच्या जागी. गोऱ्या सहकाऱ्याला ज्या संघनिवडीतून पक्की नोकरी लाभली, तिच्यातून क्वॉन्गला सामान वाहण्याचे काम लाभले. रिंगणातले गुण दोघांचे सारख्याच वहीत लिहिले जात होते, पण त्यांचे मोल वेगवेगळे होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा उपयोगी पडेल.

१४/
त्यानंतर नानाइमो, मग व्हँकूव्हर. १९४४ साली सैन्याचे बोलावणे आले. ज्यांना मत नाही त्यांनी देशासाठी लढावे का, यावर तेव्हा चिनी-कॅनडियन समाजात मोठा वाद झाला. सुमारे सहाशे जण सैन्यात गेले. त्यांतल्या काहींना आग्नेय आशियातील गुप्त मोहिमांसाठी ब्रिटिशांच्या 'फोर्स १३६' मध्ये घेतले गेले आणि त्यांतल्या एका गटाचे प्रशिक्षण आपल्या पुण्यात झाले, हा या कथेला लागून असलेला एक अनपेक्षित धागा. क्वॉन्गला आघाडीवर न धाडता रेड डिअर येथे सैन्याच्या हॉकी संघातून खेळवण्यात आले. सैनिकांचे मनोरंजन हीही तेव्हा कामगिरीच होती.

१५/
युद्ध संपले. क्वॉन्ग ट्रेलला परतला आणि तेथील खेळाच्या बळावर १९४६ मध्ये न्यू यॉर्क रेंजर्सच्या लेस्टर पॅट्रिक यांच्या नजरेत भरला. रेंजर्सचा एक दुय्यम संघ होता, 'न्यू यॉर्क रोव्हर्स'. तरुण खेळाडू तिथे तयार करायचे आणि गरज पडेल तसे वर घ्यायचे, अशी व्यवस्था. रोव्हर्सचे सामने रविवारी दुपारी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होत. त्याच इमारतीत रेंजर्स खेळत. बर्फ तोच, छत तेच. दोन संघांमधले अंतर मात्र खेळाडूला स्वतःच्या पायांनी ओलांडता येत नव्हते, त्याला वरून बोलावणे यावे लागे.

१६/
न्यू यॉर्कच्या चायनाटाउनने त्याला डोक्यावर घेतले. त्या वस्तीचे अनधिकृत 'महापौर' म्हणून ओळखले जाणारे शेव्ही ली यांनी गार्डनमध्ये येऊन त्याचा सत्कार केला. वृत्तपत्रांनी दोन टोपणनावे दिली : 'किंग क्वॉन्ग' आणि 'चायना क्लिपर'. यातले दुसरे नाव १९३५ मध्ये पॅसिफिक महासागर ओलांडून टपाल नेणाऱ्या प्रसिद्ध विमानाचे. त्या नावात वेगाचे कौतुक होते आणि 'हा चिनी' ही आठवणही होती. व्यवस्थापनाच्या दृष्टीने नव्या प्रेक्षकांची तिकिटे खपत होती. प्रसिद्धी मिळाली, पण बोलावणे आले नाही.

१७/
१९४७-४८ च्या हंगामात क्वॉन्गने रोव्हर्ससाठी ६५ सामन्यांत ८६ गुण नोंदवले. (हॉकीत गोल आणि गोलसाहाय्य यांची बेरीज म्हणजे खेळाडूचे गुण.) संघात तो अव्वल होता. त्याच्याहून कमी गुणांचे सहकारी त्याच्याआधी रेंजर्समध्ये जाऊन आले होते. अखेर मार्च १९४८ मध्ये, रेंजर्सचे काही खेळाडू जायबंदी झाल्यावर, त्याला माँट्रिऑलला धाडण्यात आले. आणि मग ते मिनिट. लहानपणी रेडिओवर ज्या शनिवारच्या रात्रीची वाट पाहिली, तीच ही शनिवारची रात्र होती.

१८/
आता इतिहासाच्या विद्यार्थ्यासमोरचा खरा प्रश्न. त्याला एकच मिनिट का मिळाले?
आधी प्रशिक्षक फ्रँक बूशे यांच्या बाजूने विचार करू. हंगाम अखेरच्या टप्प्यात होता. रेंजर्स बाद फेरीत जाण्यासाठी झगडत होते आणि पुढे गेलेही. सामना बरोबरीत होता. अशा वेळी कोणताही प्रशिक्षक जुन्या, पारखलेल्या खेळाडूंवर भिस्त ठेवतो. क्वॉन्ग उंचीने कमी होता आणि धक्काबुक्कीच्या या खेळात लहान चणीच्या खेळाडूंकडे शंकेने पाहिले जाई. एका सामन्यापुरते पाहिले तर यांतले प्रत्येक कारण पटण्यासारखे आहे.

१९/
पण एका सामन्यापुरते पाहायचे कशाला? भेदभावाचा इतिहास लिहिताना हीच अडचण नेहमी येते. डोईपट्टीला पावती असते. स्थलांतर कायद्याला कलम आणि तारीख असते. बाकावर बसवून ठेवण्याला मात्र कागद नसतो. धावफलकात 'शून्य' लिहिलेले असते आणि शून्याशेजारी कारण लिहिण्याची पद्धत नाही. म्हणून सुटी घटना न तपासता तिची माळ तपासावी लागते. कारखान्यात नाकारलेली नोकरी, सर्वाधिक गुण असूनही लांबलेले बोलावणे, तिसऱ्या टप्प्यापर्यंतचा बाक आणि त्यानंतर पुन्हा कधीच न आलेले बोलावणे. प्रत्येक वेळी एक पटण्याजोगे कारण होते, आणि प्रत्येक वेळी त्या कारणाचा फटका बसलेला माणूस एकच होता.

२०/
आजूबाजूलाही पाहूया. एप्रिल १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या बेसबॉल संघातून उतरला आणि अमेरिकी बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत फुटली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानी वंशाचा अमेरिकी खेळाडू वाट मिसाका न्यू यॉर्क निक्स या बास्केटबॉल संघातून खेळला. तीन सामन्यांनंतर त्याला वगळण्यात आले. आणि मार्च १९४८ मध्ये क्वॉन्ग. न्यू यॉर्क या एकाच शहराच्या तीन संघांत वर्षभरात तीन दारे किलकिली झाली. रॉबिन्सनसाठी संघाच्या प्रमुखाने दार उघडे धरून ठेवले. बाकीची दोन लगेच मिटली.

२१/
कॅनडातही याच काळात कायदे बदलत होते. १९२३ चा स्थलांतर कायदा मे १९४७ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबियाने चिनी आणि हिंदुस्थानी वंशाच्या नागरिकांना मताधिकार परत दिला. म्हणजे क्वॉन्ग माँट्रिऑलच्या बर्फावर उतरला तेव्हा त्याच्याविरुद्धचा मुख्य कायदा मोडीत निघून दहा महिने झाले होते. कायदा गेला की त्याने लावलेल्या सवयीही जातात, असे आपण नकळत धरून चालतो. क्वॉन्गचे ते मिनिट या समजुतीला एक छोटासा पण ठोस अपवाद आहे.

२२/
हंगाम संपला आणि बारगिराने घोडा परत केला. क्वॉन्गने रेंजर्सचा नाद सोडला आणि क्विबेक सीनियर हॉकी लीगमधील 'व्हॅलीफील्ड ब्रेव्ह्ज' या संघाची वाट धरली. खरी संधी आपल्याला मिळालीच नाही, ही खंत त्याने पुढे बोलून दाखवली. पण येथून त्याच्या कारकिर्दीचा उत्तम काळ सुरू होतो, हे बहुतेक लेखांत एका ओळीत उरकले जाते.
व्हॅलीफील्ड हे माँट्रिऑलजवळचे, कापडगिरणीवर वाढलेले गाव. तिथे पुढे टो ब्लेक प्रशिक्षक म्हणून आले. हेच ब्लेक नंतर माँट्रिऑल कॅनेडियन्सना आठ स्टॅन्ली चषक जिंकून देणार होते.

२३/
ब्लेक यांच्या हाताखाली क्वॉन्गला खेळायला मिळाले, आणि खेळायला मिळाल्यावर काय घडले ते पाहा. १९५१ मध्ये तो त्या लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. त्याच वर्षी व्हॅलीफील्डने अलेक्झांडर चषक जिंकला. ही लीग कमी दर्जाची होती, असेही म्हणता येणार नाही. पुढे एनएचएलचा महान खेळाडू ठरलेला जाँ बेलिव्हो त्या काळात क्विबेक एसेसकडून याच लीगमध्ये खेळत होता. म्हणजे ज्या तोडीच्या खेळाडूंसमोर आपण टिकतो की नाही हे न्यू यॉर्कमध्ये सिद्ध करू दिले गेले नाही, ते क्वॉन्गने व्हॅलीफील्डमध्ये वर्षानुवर्षे सिद्ध केले.

२४/
१९५७ मध्ये तो इंग्लंडला गेला, नॉटिंगहॅम पँथर्सकडून खेळायला. तेथून स्वित्झर्लंड : आँब्री-पिओत्ता, लुगानो, लोझान. खेळाडू, मग खेळाडू-प्रशिक्षक, मग प्रशिक्षक.
आता हा सारा प्रवास नकाशावर मांडून पाहा. शिसे वितळवणारे ट्रेल. कोळशाच्या खाणींचे नानाइमो. कापडगिरणीचे व्हॅलीफील्ड. लेस विणणाऱ्यांचे नॉटिंगहॅम. गॉटहार्ड रेल्वेमार्गावरील आँब्री-पिओत्ता ही आल्प्समधली जोडखेडी. जर्नीमन खेळाडूचा नकाशा म्हणजे विसाव्या शतकातील कष्टकरी गावांचा नकाशा. दिवसभर राबलेल्या माणसांना संध्याकाळी पाहायला काहीतरी हवे असे, आणि ते पुरवण्यासाठी क्वॉन्गसारखे कारागीर गावोगाव फिरत.

२५/
मग 'पहिला' या बिरुदाचे काय? ते जपून वापरावे. मोहॉक या आदिवासी समाजातील बडी मॅरॅकल १९३१ मध्येच रेंजर्सकडून ११ सामने खेळला होता, पण त्याची आठवण कित्येक दशके पुसली गेली होती. क्री समाजातील फ्रेड ससाकामूस १९५३-५४ मध्ये शिकागोकडून ११ सामने खेळला. एनएचएलमधील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू विली ओरी १८ जानेवारी १९५८ रोजी बॉस्टनकडून उतरला, तोही माँट्रिऑलच्या त्याच फोरममध्ये. त्याचे एकूण सामने ४५, आणि नंतरची बरीच वर्षे खालच्या लीगांत.

२६/
११, ११, ४५ आणि एक मिनिट. या आकड्यांकडे एकत्र पाहिले की लक्षात येते, 'पहिला' हा शब्द ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर दार उघडल्याचे चित्र उभे राहते. पण दार उघडणे आणि आत बसायला जागा मिळणे या दोन निराळ्या घटना आहेत आणि त्यांच्यामध्ये कधी कधी पिढी लोटते. प्रथमपुरुषांच्या याद्या पहिल्या घटनेची नोंद ठेवतात. दुसरीची नोंद हवी असेल तर संपूर्ण कारकीर्द वाचावी लागते : कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणत्या मोबदल्यावर.

२७/
क्वॉन्ग १९७२ मध्ये कॅनडात परतला आणि कॅलगरी शहरात भावासोबत किराणा व्यवसायात उतरला. जन्म किराणा दुकानातला, उतारवयही किराणा दुकानात. कित्येक वर्षे त्याच्या गिऱ्हाइकांना त्याची पूर्वकथा ठाऊकही नसावी. या शतकाच्या पहिल्या दशकात काही संशोधकांनी आणि चाहत्यांनी जुनी वृत्तपत्रे उलगडली, लोकांपुढे आणली. २०१३ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या क्रीडा सन्मानदालनात त्याची निवड झाली. मध्यंतरी, जून २००६ मध्ये, कॅनडाच्या पंतप्रधानांनी डोईपट्टीबद्दल संसदेत जाहीर माफी मागितली होती.
१५ मार्च २०१८ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णव्या वर्षी, क्वॉन्गचे निधन झाले. त्या मिनिटाला दोन दिवसांपूर्वीच सत्तर वर्षे पूर्ण झाली होती.

२८/
अभिलेखांत काम करताना आम्हा विद्यार्थ्यांनाही 'पहिला', 'एकमेव', 'सर्वात मोठा' असे शब्द शोधण्याचा मोह होतो. ते चटकन सापडतात आणि चटकन सांगता येतात. लॅरी क्वॉन्ग एका ओळीत सांगायचा तर 'एक मिनिट खेळलेला पहिला आशियाई' एवढे पुरते. त्या ओळीत दया आहे, आणि त्याच्यावर आणखी एक अन्यायही आहे. कारण त्याने आयुष्यात वीसएक वर्षे हॉकी खेळली, शेकडो सामने खेळले, पदके जिंकली, चार देशांतल्या प्रेक्षकांना आनंद दिला आणि दुसऱ्या खंडातल्या मुलांना खेळ शिकवला. त्याच्या कारकिर्दीतील ते सर्वांत छोटे मिनिट होते. दार बंद करणाऱ्यांविषयी मात्र ते पुष्कळ सांगून जाते.

२९/
म्हणून पुढच्या वेळी एखाद्या खेळाडूच्या, कलावंताच्या किंवा सैनिकाच्या नावापुढे अगदी लहानसा आकडा दिसला, तर तेवढ्यावर थांबू नये. त्या आकड्याच्या अलीकडे तो कुठे होता आणि पलीकडे कुठे गेला, हे शोधावे. बारगिरांचा इतिहास बहुधा तिथेच सापडतो.

शंका, दुरुस्त्या आणि भर यांचे स्वागत आहे.
(समाप्त)